बत्तीस, अडतीस आणि आक्का

दुपारी जेवून आडवा झालो की अजून मला फळ्यांचा आवाज ऐकू येतो. आधी ठप्, मग लाकूड चिरल्याची बारीक कुरकुर, आणि मग बराच वेळ काहीच नाही. डोळे उघडले की समोर घराची भिंत असते, भिंतीवर कॅलेंडर असतं, आणि नातवंडं कुठंतरी भांडत असतात. म्हातारपणी दुपारी स्वप्नं पडतात आणि रात्री झोप येत नाही, हा कुठला न्याय कोण जाणे. पण पडतात खरी, आणि त्यात मी बहुतेक वेळा बेळगावातच असतो.

बेळगावच्या कॅम्पात एका बंदुकांच्या दुकानात मी मिस्त्री होतो. पहिली लढाई संपून काही वर्षं झाली होती तेव्हा लागलो आणि इंग्रज गेले त्याच्या आसपास सोडलं. सकाळी दुकान उघडायला जायचो तेव्हा कॅम्पातले रस्ते धुक्यात बुडालेले असायचे. झाडं अर्धीच दिसायची, चर्चचा मनोरा मुळीच दिसायचा नाही, नुसती घंटा ऐकू यायची. पलटणीतला कुणीतरी बिगुल शिकायचा. त्याला एकच सूर जमायचा आणि तोही अर्धाच, त्यामुळे माझ्या डोक्यात तो सूर अजून अर्धाच आहे. दुकानाच्या आत धुकं नव्हतं, पण तेलाचा आणि पितळेचा असा एक गार वास होता की डोळ्यांवर पुन्हा झापड यायची. आमचे मालक मवाळ गृहस्थ. बंदुका विकून त्यांचं पोट भरायचं, पण जीव सगळा मासे धरण्याच्या गळात. गिऱ्हाइकाला हत्यार दाखवता दाखवता ते नदीच्या कुठल्या डोहात काय मिळतं ते सांगत बसायचे.

आमच्या धंद्यात एक शिरस्ता होता. दुरुस्तीला आलेलं हत्यार उडवून बघितल्याशिवाय परत द्यायचं नाही. मच्छे गावाच्या पलीकडे मुरमाची एक सोडलेली खाण होती. आठवड्यातून एकदा मी तिथं सायकलवरून जायचो. विलायती मालाच्या खोक्यांच्या फळ्या बोटभर अंतर सोडून एकामागं एक उभ्या करायच्या, दहा पावलांवरून गोळी मारायची आणि किती फळ्या फुटल्या ते मोजायचं. कुंभाराकडून आणलेल्या ओल्या मातीचा गोळाही ठेवायचो. फळी सांगते गोळी किती खोल जाते, माती सांगते आत गेल्यावर ती काय करते.

ज्यांची हत्यारांशी कधी गाठ पडली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. नळीच्या भोकाच्या रुंदीला आम्ही बोअर म्हणायचो. इंचाचे शंभर भाग केले आणि त्यातले बत्तीस घेतले तर ते बत्तीस बोअर, अडतीस घेतले तर अडतीस. लष्करातल्या साहेबांकडं त्याहून जाड असायचं, चारशे पंचावन्न. तिथं इंचाचे हजार भाग. ते सरकारचं हत्यार, रयतेला त्याचा परवाना सहजी मिळायचा नाही. आम्हा सामान्यांची सगळी धाव बत्तीस आणि अडतीस यांच्यातच. आणखी एक पंचवीसचं असायचं, खिशात मावणारं. ते विकत घेणारा माणूस बहुतेक वेळा बायकोला भीत असायचा, हे माझं मत.

कोणतं चांगलं, यावर कॅम्पात मी जितके वाद ऐकले तितके देवधर्मावरही ऐकले नाहीत. दुकानाच्या बाकावर एक पेन्शनर जमादार येऊन बसायचे. सरहद्दीवर लढून आले होते आणि एका कानानं बहिरे होते. त्यांचं म्हणणं ठरलेलं. "अडतीस लागलं तर मानूस वळून इचारतो, कोन हाय रं? चारशे पंचावन्न लागलं तर इचारत न्हाय, खाली बसतो." मग मी म्हणायचो, "आणि बत्तीस लागलं तर?" ते हसून म्हणायचे, "डास चावला म्हनतो."

मला या बोलण्याचा राग यायचा. मोठ्या गोळीची मिजास मला कधीच सोसली नाही. माझ्याकडं एक वही होती. तिच्यात मी ऐकीव नव्हे, झालेल्या गोष्टी लिहून ठेवायचो. एका कारकुनानं पंचवीसचं साफ करताना स्वतःच्या पायावर उडवलं आणि चालत दवाखान्यात गेला. एका इनामदारानं रानडुकरावर अडतीसच्या चार गोळ्या झाडल्या. डुक्कर उसात गेलं आणि इनामदार झाडावर. एका शेतकऱ्यानं पाय मोडलेल्या बैलाला बत्तीसच्या एकाच गोळीत सोडवलं, कारण त्यानं बैलाच्या कपाळावर हात फिरवून नेमकी जागा आधी शोधली होती आणि मग डोळे पुसले होते. फळ्यांच्या खेळात अडतीस नेहमी एक फळी पुढं जायचं, मातीतही भोक मोठं पाडायचं. ते खरंच. पण वही वेगळं सांगत होती. ज्याला गोळी जागेवर मारता येते त्याला बत्तीस पुरतं, आणि ज्याला येत नाही त्याला तोफ दिली तरी तो आंब्याचं झाडच पाडणार. मी हे जमादारांना ओरडून सांगायचो. ते बहिरा कान पुढं करायचे.

या सगळ्या वहीचा आणि फळ्यांचा एकदाच खरा उपयोग करायची वेळ आली, ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी.

आक्का कोगनोळीजवळच्या एका खेड्यात दिली होती. घर तंबाखूचं. पौष-माघात तिच्या गावाला मोटारीनं निघालो की निपाणी यायच्या आधीच डोळे मिटूनही कळायचं. नाकात काहीतरी गोड आणि तिखट शिरायचं, मोटारीतली सगळी माणसं एकामागून एक शिंकायला लागायची, आणि त्या शिंकांमधून मी बहिणीच्या अंगणात उतरायचो. आईमागं तिनं मला वाढवलं होतं. मी नोकरीला लागलो तरी माझ्या सदऱ्याची बटणं तीच लावून द्यायची. मला आप्पा म्हणायची, जसा काही मीच घरातला वडीलधारा.

दाजी, म्हणजे तिचे मालक, गावचे पोलीस पाटील. उंच, सावळे, हळू बोलणारे. गुऱ्हाळाच्या चरकात सापडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं ताठ झाली होती. दुसरी लढाई सुरू व्हायच्या चारपाच वर्षं आधी त्यांना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. त्या वर्षी माळावर लांडगे फार झाले होते आणि त्यांतला एखादा पिसाळायचा. शेजारच्या गावात दोन माणसं गेली होती. पाटील म्हणून पहिल्यांदा पुढं व्हायचं ते दाजींनीच.

परवाना दाखवायला ते दुकानात आले तेव्हा आक्काही सोबत आली होती. ती बाहेर पायरीवर बसली. मी पाणी घेऊन गेलो तर हळूच म्हणाली, "आप्पा, मला त्या आकड्यांतलं काय बी कळत न्हाय. असं हत्यार दे की मानूस घरी माघारी येईल. बाकी काय बी असू दे." मी हसलो आणि म्हणालो, "आक्का, त्यासाठीच बसलोय इथं." किती सहज बोललो मी ते!

दाजींना अडतीस हवं होतं. गावात तेच शोभेल म्हणाले. मी त्यांना मच्छ्यापलीकडच्या खाणीत घेऊन गेलो. सहा मडकी मांडली. अडतीसनं त्यांनी सहा गोळ्या झाडल्या आणि दोन मडकी फोडली. ताठ बोटांमुळं पकड बसेना, प्रत्येक गोळीला नळी आभाळाकडं उडायची. मग बत्तीस दिलं. पाच मडकी फुटली, आणि सहाव्याचा काठ उडाला. खाणीच्या कडेला ऊन पिवळं पडलं होतं. फुटक्या मडक्यांची धूळ त्या उन्हात तरंगत होती. दाजी लहान मुलासारखे हसत होते. आयुष्यात इतका समाधानी मी क्वचितच झालो असेन. ज्या गोष्टीवर मी वर्षानुवर्षं ओरडत आलो ती समोर सिद्ध झाली होती. दुकानात परत आल्यावर मी जमादारांसमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "नाकापेक्षा मोती जड घेऊ नये, दाजी." जमादार म्हणाले, "बायकी हत्यार हाय." दाजींनी बत्तीसच घेतलं.

रिव्हॉल्व्हरबरोबर मी आक्काच्या हातात तेलाची एक बाटली दिली. हत्यारांचं खास तेल, पाण्यासारखं पातळ. कुठल्याही फटीत आपोआप शिरतं, तोच त्याचा गुण. मी तिला सांगितलं, "दाजी विसरतील, तू लक्ष ठेव. लोखंडाला तेल लावताना हात आखडू नको." काडतुसांना लावू नको, हे मी सांगितलं नाही. काडतुसांना कोणी तेल लावील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी उंटावरचा शहाणा. फळ्या मोजत बसलो आणि घरात हत्यार कसं नांदतं ते कधी बघितलंच नाही.

आमच्याकडं नवरात्रात हत्यारं घटापाशी ठेवतात आणि खंडेनवमीला पुजतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, ज्याच्या घरी तलवार असेल त्याची तलवार. घासून पुसून, तेल लावून, हळदीकुंकू वाहून. त्या वर्षी मीही दसऱ्याला आक्काकडं गेलो होतो, पण दसऱ्याच्या दिवशी, पूजा उचलल्यावर. दारात झेंडूचं तोरण होतं. आक्कानं मला आपट्याचं पान दिलं, पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, "तुझ्या हत्याराची मी लई निगा राखलीय, बघ." मी रिव्हॉल्व्हर उघडून बघितलं. आरशासारखं लखलखत होतं. सहा काडतुसं आपापल्या घरांत बसली होती, त्यांच्या पितळी बुडांवर कुंकवाचे सहा ठिपके होते. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी ते पुसलंही नाही. रिव्हॉल्व्हर मिटवलं आणि दुसरी पोळी मागितली.

माघात निरोप आला. सकाळी खळ्यावर बायका तंबाखूची पानं उलटत होत्या. पिसाळलेला लांडगा माळावरून सरळ खळ्यात आला. दाजी घरातून रिव्हॉल्व्हर घेऊन धावले आणि बायकांच्या आणि त्याच्या मधे उभे राहिले. पुढं जे झालं ते मी दाजींच्याच तोंडून ऐकलं, बेळगावच्या दवाखान्यात. मानेला पट्टी होती आणि बेंबीभोवती सुया टोचायला सुरुवात झाली होती.

"जवळ येऊ दिलं त्याला," ते म्हणाले. "तू सांगितलंतंस तसं. हात हलला न्हाय माझा. चाप वढला, टिक्. फिरून वढला, टिक्. सा बी गेली तशीच. एक बी उडलं न्हाय रं." मग गड्यांनी कुऱ्हाडींनी लांडगा मारला होता. पण तोवर तो दाजींच्या मानेला लोंबकळला होता.

मी विचारलं, "काडतुसं भिजली होती का कुठं?"

"छ्या. तुझ्या आक्कानं जिवापाड जपली ती. नवरात्रात नऊ दिस वाटीत, तुझ्याच तेलात बुडवून ठेवलीती घटापाशी. तरी बी का दगा दिला, सांग बघू?"

मी म्हणालो, बघतो. तेवढंच म्हणालो.

गड्यानं बरोबर आणलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन मी दुकानात आलो आणि सहाच्या सहा काडतुसं पकडीनं उघडली. आतली दारू तेल पिऊन काळी चिकट झाली होती, ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या टोपीतही तेल उतरलं होतं. त्याच पेटीतली दुसरी सहा, दुकानात राहिलेली, मी मागच्या आवारात उडवून बघितली. सहाही उडाली. बत्तीस असो की अडतीस की साहेबाचं चारशे पंचावन्न, नऊ दिवस त्या तेलात ठेवलं असतं तर प्रत्येकानं तसंच टिक् केलं असतं. माझ्या वहीत हे कुठं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाण्याचा तांब्या पुढं केल्यावर दाजींनी तोंड फिरवलं. त्यानंतर दोन दिवस ते होते. त्या दोन दिवसांबद्दल मी कधी कुणाशी बोललो नाही, इथंही लिहिणार नाही.

दाजींचे दिवस झाल्यावर आक्का माझ्यासमोर येऊन बसली. कपाळ मोकळं. तिच्या कपाळाकडं मला बघवेना म्हणून मी तिच्या पायांकडं बघत राहिलो. तिनं विचारलं, "का उडली न्हाईत?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचाही राग आला होता. कुणी सांगितली होती ही भक्ती? आणि लगेच आठवलं, हात आखडू नको म्हणून मीच सांगितलं होतं. बाटली मी दिली होती, कुंकवाचे ठिपके मी डोळ्यांनी बघितले होते आणि पोळी मागितली होती. तिला खरं सांगितलं असतं तर ती विहिरीला जवळ करील अशी मला भीती वाटली. मी म्हणालो, "काडतुसं जुनी होती. मी नीट बघून दिली न्हाईत. माझी चूक, आक्का."

ती उठली आणि आत गेली. त्यानंतर तिनं मला आप्पा म्हटलं नाही. मी गेलो की आतून लेकाला सांगायची, "दुकानदार आलाय. पानी दे त्याला."

गावागावांत निकाल लागला तो वेगळाच. काडतुसांचं कोण ऐकतो? निपाणीपासून चिकोडीपर्यंत एकच गोष्ट झाली, की पाटलाला मेव्हण्यानं बायकी हत्यार दिलं आणि बत्तीस आयत्या वेळी उडत नाही. गिऱ्हाइकं दुकानात आल्या आल्या म्हणायची, "बत्तीस दावू बी नगा. अडतीस काढा." आजार रेड्याला आणि औषध पखालीला! ज्या बत्तीससाठी मी इतकी वर्षं भांडलो त्याची बदनामी माझ्या तोंडावर व्हायची आणि मी मान हलवून अडतीस काढायचो. एक शब्द बोललो असतो तरी पुढचा प्रश्न आला असता, मग का उडलं नाही? आणि त्याचं उत्तर मोटारीत बसून कोगनोळीला गेलं असतं. मालकांना मात्र मी खरं सांगितलं होतं. दुकानाच्या नावाला बट्टा लागला होता, मला काढून टाकायचा त्यांना हक्क होता. त्यांनी उरलेला बत्तीसचा माल लांबच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकला आणि मला त्या रविवारी मासे धरायला घेऊन गेले. नदीकाठी दिवसभर ते मला कुठल्या डोहात काय मिळतं ते सांगत बसले. पाण्यावर ऊन हलत होतं आणि मला एकही मासा लागला नाही.

वर्षं गेली. ती कशी गेली ते आठवू लागलो की सगळं त्या कॅम्पातल्या धुक्यासारखं होतं. जमादार बाकावरून नाहीसे झाले. दुसरी लढाई आली, कॅम्पात गोऱ्यांची गर्दी झाली आणि मग एक दिवस ओसरली. मी दर दिवाळीला आक्काकडं जात राहिलो. ओसरीवर बसायचो, भाचा पाणी द्यायचा, थोडा वेळ तंबाखूच्या भावाचं बोलणं व्हायचं, आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत यायचो. ती दाराआड असायची. बांगड्यांचा आवाज नव्हता, पण ती आहे हे कळायचं.

इंग्रज जाणार जाणार असं सगळे बोलत होते त्या साली भाचा दुकानात आला. आता तो बापासारखा उंच झाला होता आणि बापाच्या जागी पाटीलकी करत होता. नवा परवाना त्यानं टेबलावर ठेवला. "मामा, अडतीस द्या. बत्तीसचं नाव घेतलं तर आई घरात घेनार न्हाय." मी अडतीस काढून दिलं. हात चांगला होता पोराचा, त्याला तेही पेललं असतं. काडतुसं बांधून झाल्यावर तो जाता जाता वळला. "आन् ते पातळ तेल द्या, मामा, एक बाटली. आईनं बजावून सांगितलंय. नवरात्र आलंय. ती म्हनती, मागल्या खेपेला काडतुसं जुनी हुती, ह्या खेपेला नवी हाईत. नऊ दिस तेलात ठेवून चांगली निगा राखनार."

मी बाटली दिली नाही. संपलीय म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं निघालो.

पावसाळा सरला होता, माळ हिरवा होता, आणि त्या हिरव्यावर ऊन असं पसरलं होतं की जगात कुणाला कधी काही झालं असेल यावर विश्वास बसू नये. भाचा शेतावर गेला होता. मी ओसरीवर बसलो नाही. सरळ आत गेलो. आक्का घटासाठी माती चाळत होती. मला आत आलेला बघून तिचे हात थांबले.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पातळ तेल आत कसं शिरतं ते, दारू काळी कशी पडली होती ते, त्याच पेटीतली दुसरी सहा कशी उडाली ते. सांगताना माझा आवाज चढत होता. तिच्यावर नाही, पण चढत होता. "पोराच्या काडतुसांना तेल लावू नको," मी म्हणालो. "पाया पडतो तुझ्या. नुसतं हळदीकुंकू लांबनं वाहा."

ती चाळणी हातात धरून बसली होती. चाळणीतून थोडी माती अजून खाली झिरपत होती.

"कवा कळलं तुला हे?"

"दाजी दवाखान्यात होते तवाच."

"आन् इतकी वर्सं बोलला न्हाईस."

"न्हाय."

मला वाटलं, आता ती रडेल. किंवा माझा हात धरील. मी खोटं कशाला बोलू, मला तेच हवं होतं. बारा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते आता होईल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "कशाला सांगितलंस रं? नुसतं तेल लावू नगो म्हनाला असतास तर मी ऐकलं असतं. दुकानदाराचं म्हनून ऐकलं असतं." मग चाळणी बाजूला ठेवली. "तुझ्यावर राग हुता तवर मला बरं हुतं. सकाळी उठले की तुला शिव्या द्यायची आन् कामाला लागायची. त्याच्यावर पोर वाढवलं मी. आता कुनावर धरू?"

बाहेर कुणाची तरी गाडी चालली होती, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला आणि लांब गेला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "माझ्यावरच धर. बाटली मी दिली हुती."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मग हितं नगो बसू. जा, ओसरीवर बस."

मी उठून ओसरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं भाचा शेतावरून आला. आतून तिचा आवाज आला, "दुकानदार आलाय. जेवायला वाढलंय, ताट ने त्याला." पोरानं ताट आणून माझ्यापुढं ठेवलं. भाकरी, आमटी, कांदा. मी काही एक शिल्लक ठेवलं नाही.